एकदाच बोललेलं मशीन

त्या इमारतीत दोघी बहिणी कामाला होत्या, आणि लोकांनी सोयीसाठी त्यांची नावं पाडली होती: वरची आणि खालची. गंमत अशी, की वरची होती धाकटी आणि खालची होती थोरली. नवा माणूस हमखास गोंधळायचा, आणि जुन्यांची तेवढीच करमणूक व्हायची.

वरच्या मजल्यावर रुग्णवाहिकेचे फोन यायचे. शहरात कुठे कोणी कोसळलं, भाजलं, जिन्यावरून गडगडलं, की फोन तिथे वाजायचा, आणि तो उचलणाऱ्यांत धाकटी होती. खाली तळघरात सर्व्हर रूम. वरचे फोन, नकाशे, गाड्यांचा ठावठिकाणा, सगळं त्या तळघरातल्या मशीनांवर चालायचं, आणि कोणतं मशीन कोणाशी बोलणार हे ठरवणारं नेटवर्क थोरलीच्या ताब्यात होतं. हे काम बाहेरच्या कोणाच्या भाड्याच्या मशीनांवर सोपवायचं नाही, जे काही असेल ते आपल्या छपराखाली, असा तिथला दंडक होता, आणि थोरलीला तो सोळा आणे पटत होता.

आई लवकर गेली. तेव्हापासून धाकटीची वेणी थोरलीने घातली, शाळेचा डबा थोरलीने भरला, आणि धाकटीने पसंत केलेला नवरा दोनदा नापसंत करून तिसऱ्यांदा तिनेच मान्य केला. "माझी ताई म्हणजे मुलखाची हट्टी," असं धाकटी सगळ्यांना सांगत फिरायची, आणि दुपारी त्याच ताईच्या डब्यातलं अर्धं स्वतः संपवायची.

तर या हट्टी बाईने जुनं जाळं उपटून नवं घालायचं मनावर घेतलं होतं.

जुन्या जाळ्याचं म्हणाल, तर तो नुसता गुंता होता. सगळ्या तारा ज्या पेट्यांत येऊन मिळतात त्या स्विचच्या पेट्या. त्यांतली प्रत्येक आपल्या घरची राजा. बारीकसा बदल करायचा तरी एकेकीपुढे बसून मनधरणी करायची, आणि एखादी विसरली की मग बसा शोधत. नव्या पद्धतीत पेट्यांची सगळी अक्कल काढून एका जागी ठेवली होती, कंट्रोलर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे एकदा लिहिलं, की तळघरभर तोच हुकूम. शिवाय जुन्या जाळ्यात कोणतंही मशीन कोणाशीही बोलायचं. एकाला व्हायरस चिकटला की सगळ्यांना खोकला. नव्यात परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही. ज्याची परवानगी लिहिलेली नाही त्याचं बोलणं पेटी गिळून टाकणार, आणि वर आवाजही करणार नाही.

मग परवानग्या लिहायच्या कुणाकुणाच्या? मेख होती ती इथेच. वर्षानुवर्षं साठलेली मशीनं. निम्मी कोणी बसवली हे सांगणारं माणूसही उरलं नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की महिनाभर नवं जाळं नुसतं ऐकेल. कोणाला अडवायचं नाही, फक्त कोण कोणाशी बोलतं ते टिपायचं, आणि जे ऐकू येईल त्याच्या परवानग्या लिहायच्या.

ऐकू आलं ते काय थोडं होतं! कोणीतरी चुकून जोडलेला लॅपटॉप, कपाटामागे विसरलेला प्रिंटर, कुठल्याशा जुन्या चाचणीचं राहून गेलेलं भूत. थोरलीचं डोकं भणभणलं. शेवटी तिने एका फटक्यात निकाल लावला. महिन्याभरात जे एकदाच बोललं, तो कचरा. खोडा.

"हे झकास झालं, मॅडम," कुलूप म्हणाला.

कुलूप म्हणजे तिथला सुरक्षेचा अधिकारी. हा गृहस्थ उघडं दार बघितलं की अस्वस्थ व्हायचा, मग ते सर्व्हरचं असो की स्वच्छतागृहाचं. लोक मागे कुलूप म्हणायचे, थोरली तोंडावर कुलूपराव म्हणायची, आणि तो ते मानाने मिरवायचा. कोणाला परवानगी नाकारायची म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरायचं.

या दोघांनी मिळून एक शिस्त बसवली होती. कंट्रोलरमध्ये बदल एकाने लिहायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने वाचायचा, आणि लिहिणाऱ्याने डोळे मिटून ऐकायचा. ऐकून पटलं, तरच दुसऱ्याने मंजुरीचं बटण दाबायचं. एकट्याच्या हाताने काही होत नव्हतं. कंट्रोलरच तसा बांधून घेतला होता. बाकीचे लोक हसायचे. "चालले पाढे म्हणायला," म्हणायचे. हसू देत. सगळ्या परवानग्या या दोघांनी घसा बसेपर्यंत मोठ्याने वाचून काढल्या होत्या. खोडलेलं मात्र कोणी वाचलं नव्हतं. कचरा कोण वाचत बसतो?

नवं जाळं खऱ्या अर्थाने चालू करायचं, म्हणजे ऐकणं बंद करून अडवणं सुरू करायचं, ते भरदिवसा करायचं ठरलं. तुम्हाला नवल वाटेल, पण रुग्णवाहिकेच्या धंद्यात रात्र ही सगळ्यात वाईट वेळ. रात्री अपघात, पहाटे छातीत कळा. सकाळची गडबड ओसरली की दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर जरा श्वास घ्यायला मिळतो.

आदल्या संध्याकाळी थोरली धाकटीकडे गेली होती. धाकटी भांडी पुसत होती आणि एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

"ताई, खरं सांग. माझ्या पडद्यावर काही बदलणार नाही ना?"

"काही नाही. तुला कळणारसुद्धा नाही."

"मला यंत्रांची भीती नाही गं. मला फोनची वाटते."

थोरलीला ते ठाऊक होतं. मागे एकदा धाकटीच्या कानात, फोन चालू असताना, एक माणूस गेला होता. चूक तिची नव्हती. गाडी वाहतुकीत अडकली होती. तरी आठवडाभर धाकटीच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि थोरली रोज तिच्यासमोर बसून तिला लहान पोरीसारखं भरवत होती. जाळ्याचं काय व्हायचं ते होवो, पण धाकटीच्या कानात पुन्हा असं कोणी जाऊ नये, एवढं एकच थोरलीने मनाशी पक्कं धरलं होतं. बढती, शाबासकी, साहेबांचं भाषण, सगळं त्यापुढे झूठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात तिघं होते. थोरली, कुलूप, आणि ज्या कंपनीचा तो कंट्रोलर होता तिचा माणूस. त्याचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा, की बसताना आवाज व्हायचा. पंख्यांच्या घोंघाटात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं. थोरलीने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, कुलपाने पाढा म्हटला, तिने डोळे मिटून ऐकला, आणि त्याने मंजुरी दिली. अडवणं सुरू झालं.

तिघंही पडद्याकडे टक लावून उभे राहिले. हिरवं. सगळं हिरवं. वरून इंटरकॉमवर निरोप आला: फोन येताहेत, नकाशे दिसताहेत, गाड्या हलताहेत. थोरलीचा जीव भांड्यात पडला. कंपनीवाला म्हणाला, "मॅडम, इतकं सुरळीत मी कुठेच पाहिलं नाही," आणि तो हे सगळीकडेच म्हणत असणार हे माहीत असूनही तिला बरं वाटलं. चहा आला. कुलपाने चक्क विनोद केला. तो कोणाला कळला नाही, पण सगळे हसले.

दुसऱ्यांदा चहा मागवायची वेळ झाली, तेव्हा इंटरकॉम वाजला. धाकटी होती. आवाज खालचा, घाईचा.

"ताई, एक फोन आहे. कोणी बोलत नाहीये. श्वास ऐकू येतोय, घरघर लागल्यासारखा. बोलता येत नसेल तर एक बटण दाबा म्हटलं, तर दाबलं. घरचा फोन आहे, तारेचा. आणि माझ्याकडे पत्त्याची चौकट रिकामी येतेय."

"रिकामी म्हणजे?"

"रिकामी म्हणजे रिकामी! तिसऱ्यांदा विचारतेय मी मशीनला. काहीच येत नाही."

 मोबाईलवरून फोन आला तर ठिकाण नकाशावर आपोआप उमटायचं. घरातल्या तारेच्या फोनचं तसं नव्हतं. तिथे माणूस पत्ता सांगतो, वरचे लिहून घेतात, विषय संपला. मात्र माणसाला बोलताच आलं नाही, तर वरच्यांनी पडद्यावरचं एक बटण दाबायचं, आणि तळघराच्या कोपऱ्यातलं एक जुनं मशीन त्या नंबरचा पत्ता शोधून चौकटीत आणून टाकायचं. आता तारेचे फोनच किती उरलेत, आणि त्यांतून मुके येणारे किती! महिन्याभराच्या ऐकण्यात त्या मशीनला हाक मारली गेली असेल ती...

"एकदाच," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय?" कुलूप ओरडला.

"पत्त्याचं मशीन. एकदाच बोललं होतं. आपण खोडलं ते, कुलूपराव. मी खोडायला लावलं."

कुलपाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कंपनीवाल्याने मात्र लगेच हात उंचावले. "घाबरू नका, मॅडम. परत फिरू. सगळं पुन्हा ऐकण्यावर आणतो, एका बटणाचं काम आहे."

"आणि चालू असलेले फोन?"

तो अडखळला. "ते... सगळ्या पेट्या नियम नव्याने वाचतील ना. तेवढ्यात चालू फोन तुटतील. लोक पुन्हा लावतील की."

थोरलीने इंटरकॉम तोंडाशी धरला आणि लाडाच्या नावाने धाकटीला हाक मारली. "चिमे, वर आत्ता कोणकोण बोलतंय?"

"माझ्या शेजारच्या टेबलाच्या फोनवर एक पोरगी आहे. तिचे वडील पडलेत, श्वास बंद आहे. ती छाती दाबतेय आणि आमची बाई इकडून आकडे मोजतेय. गाडी अजून पोचली नाही. का?"

"काही नाही. तू फोन सोडू नकोस."

आता आली का पंचाईत! परत फिरावं, तर त्या पोरीच्या कानातला आवाज तुटतो आणि ती हात थांबवते. न फिरावं, तर घरघर लागलेलं कोणीतरी चार भिंतींत पडून आहे, आणि कुठल्या चार भिंतींत ते एका मशीनला माहीत आहे, जे इथून दहा पावलांवर गप्प बसलंय. "त्या मशीनलाच पडदा जोडून बघितलं तर?" कंपनीवाला म्हणाला. ते टेलिफोनवाल्यांचं मशीन होतं, पासवर्ड त्यांच्याकडे. वरच्या कोणीतरी त्यांनाही फोन लावला होता, आणि तिकडून संगीत ऐकू येत होतं.

"परत फिरायचं नाही," थोरली म्हणाली. "एकच परवानगी लिहायची. फोनचा सर्व्हर आणि पत्त्याचं मशीन, दोघांतली. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"मॅडम, मशीन जुनं आहे," कुलूप म्हणाला. "त्याच्यात काय शिरलंय काय नाही, आपल्याला ठाऊक नाही. कोणत्या दाराने, म्हणजे पोर्टने, बोलतं तेही टिपलेलं नाही. सगळी दारं उघडावी लागतील. फोनच्या सर्व्हरसमोर सताड."

"माहीत आहे."

"काही घुसलं तर सगळेच फोन जातील."

"कुलूपराव, तुमचं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. पण ते माणूस मरतंय हो!"

त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "लिहा," म्हणाला.

ती लिहायला बसली. तळघरातल्या थंडीने बोटं आखडली होती. इंटरकॉम तिने उघडाच ठेवला होता, आणि त्यातून धाकटीचा आवाज येत होता. आपल्याशी नव्हे, त्या फोनवरच्या माणसाशी. "मी इथेच आहे हं. कुठेही जात नाही. ऐकू येतंय ना? बोटाने एकदा टकटक करा बघू. शाब्बास. आता अशीच अधूनमधून करत राहा. गाडी निघते आहे." गाडी कुठली निघतेय! जायचं कुठे हेच कोणाला माहीत नव्हतं. धाकटी इतकं सफाईदार खोटं बोलू शकते हे थोरलीला त्या दिवशी कळलं.

लिहून झालं. कुलपाने पडद्यावर एक नजर टाकली आणि मंजुरीच्या बटणाकडे हात नेला.

"वाचा," थोरली म्हणाली.

"मॅडम, आत्ता? वेळ कुठे आहे?"

"वाचा म्हणते ना! मोठ्याने!"

कंपनीवाल्याने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. इंटरकॉममधून धाकटीचा आवाज आला: "टकटक करा. हॅलो? आणखी एकदा करा ना." उत्तर आलेलं ऐकू आलं नाही. थोरलीने डोळे गच्च मिटले.

कुलूप वाचू लागला. "विचारणार, पत्त्याचं मशीन. उत्तर देणार, फोनचा सर्व्हर. दारं, सगळी. परवानगी..."

"थांबा! उलटं झालंय. विचारणार फोनचा सर्व्हर, उत्तर देणार पत्त्याचं मशीन. उलटं लिहिलं मी." तिने डोळे उघडले आणि दोन्ही नावांची अदलाबदल केली. हे असंच गेलं असतं, तर पडद्यावर हिरवी खूण दिसली असती आणि चौकट रिकामीच राहिली असती; आणि मग चूक कुठेय हे शोधण्यात गेला असता तेवढा वेळ कोणाकडे होता? कुलपाने पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. तिने ऐकलं. "हो," म्हणाली. त्याने बटण दाबलं.

कंट्रोलरच्या पडद्यावर एक वर्तुळ फिरायला लागलं. हुकूम एकेका पेटीपर्यंत पोचत होता. तिघंही त्या वर्तुळाकडे असे बघत होते, जणू बघितल्याने ते जोरात फिरणार होतं.

"आला!" इंटरकॉममधून किंकाळीच आली. "ताई, पत्ता आला! गाडी सोडली! हॅलो, ऐकताय ना? आता खरंच निघाली हं गाडी."

थोरली खुर्चीत कोसळली.  कंपनीवाला टाळ्या वाजवायला लागला आणि दुसरं कोणी वाजवत नाही असं बघून थांबला. थोड्या वेळाने वरून निरोप आला. स्वयंपाकघराच्या फरशीवर एक म्हातारे गृहस्थ पडलेले सापडले. अर्धं अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली, पण शुद्धीत होते, आणि रिसीव्हर सोडायला तयार नव्हते. त्यांना नेलं. शेजारच्या फोनवरच्या पोरीचे वडीलही श्वास घेऊ लागले होते. कुलपाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

इथेच ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण थोरलीच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. अडवणं सुरू झालं सकाळी. हा फोन आला दुसऱ्या चहाच्या वेळेला. मधल्या वेळात?

तिने इंटरकॉम उचलला. "चिमे, सकाळपासून असा फोन हा पहिलाच ना? तारेचा, न बोलणारा?"

तिने इंटरकॉमचं बटण पुन्हा दाबलं.

"चिमे?"

"एक होता," धाकटी म्हणाली. "चहाच्या आधी. माझ्याकडेच. कोणी बोललं नाही. बटण दाबा म्हटलं, तर दाबल्यासारखं वाटलं, मग काही नाही. चौकट रिकामी आली. मी थोडा वेळ हॅलो हॅलो केलं. मला वाटलं, चुकून लागला असेल. कोणाचं तरी पोर खेळत असेल. मी... मी ठेवून दिला, ताई."

"नंबर आहे ना समोर? विचार मशीनला."

या वेळी चौकट लगेच भरली. एक गाडी तिकडे निघाली. थोरली उठली. "कुलूपराव, जेवढं म्हणून आपण खोडलंय तेवढं सगळं पुन्हा काढा. एकेक वाचा. आणखी कोण मुकं झालंय ते बघा," एवढं सांगून ती जिन्याकडे पळाली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता.

वर सगळे आपापल्या टेबलाशी बसले होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बातमी अशा जागी बोलल्याशिवाय पसरते. धाकटी सरळ बसून पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे बघत होती. ठिपका म्हणजे गाडी. थोरली तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. तेवढ्यात मोठे साहेब आले. खालची बातमी त्यांना अर्धीच पोचली होती. "अभिनंदन, अभिनंदन! एकही फोन तुटला नाही म्हणे!" असं ते दारातूनच म्हणाले आणि चेहरे बघून तिथेच थांबले.

ठिपका थांबला. वायरलेसवर चालकाचा आवाज आला.

"दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांच्या मदतीने उघडलं. बाई आहेत, एकट्याच राहायच्या म्हणतात. फोनच्या शेजारीच पडल्यात." मग थोडा वेळ नुसती खरखर. "गेल्यात. फार वेळ झालेला नाही. अंग अजून गरम आहे."

धाकटीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, अगदी हळू, कोणाची झोप मोडू नये तसा.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. वरच्या मजल्याच्या मुख्य बाईंनी त्यांना दबक्या आवाजात सांगितलं. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. पण त्यांच्या वरच्यांना जाब त्यांनाच द्यावा लागणार होता, आणि जाब द्यायचा म्हटलं की आधी कोणाचं तरी नाव लागतं. "न बोलणारा फोन लगेच ठेवायचा नाही, असा नियम आहे ना आपला?" ते म्हणाले. "ठेवला कोणी? तिच्याकडून लेखी घ्या."

"मी ठेवला," धाकटी म्हणाली.

थोरलीला एक क्षण असं वाटलं, की हा क्षण असाच पुढे सरकू द्यावा. लाज वाटली तरी खरं तेच. खाली सगळं हिरवं होतं. पत्त्याची परवानगी आता होती. ती आधी का नव्हती हे तिघांनाच माहीत होतं; कंपनीवाला तर जन्मात बोलला नसता. मग तिला धाकटीची मान दिसली. केस वर बांधलेले, मान खाली गेलेली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

"साहेब, तिच्याकडून काही घेऊ नका," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की सगळ्यांनी वर बघितलं. तळघरातली सवय. "पत्ता आला असता तर तिने फोन ठेवलाच नसता. गाडीच पाठवली असती. पत्ता बंद केला तो मी. आज सकाळी. ते मशीन कचरा समजून मी खोडायला लावलं. लेखी काय घ्यायचं ते माझ्याकडून घ्या."

साहेबांनी मुख्य बाईंना खूण करून बाहेर नेलं.

थोरलीला वाटलं होतं, आता धाकटी वळेल, गळ्यात पडेल, रडेल. मग आपणही रडू. तसं काही झालं नाही. धाकटी वळली खरी, पण डोळे कोरडे ठणठणीत होते.

"का खोडलंस गं?"

"महिनाभरात एकदाच बोललं होतं ते. मला वाटलं, एवढं गप्प आहे, म्हणजे कामाचं नसणार."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. असं तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ती ताईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती.

"आणि ती बाई बोललीच नाही, म्हणून मी ठेवला," ती म्हणाली. "आपण दोघी एकाच मुशीतल्या, ताई."

 थोरलीने बहिणीच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, आणि तो ठेवावा की नाही हे न कळून तसाच खुर्चीच्या पाठीवर टेकवला. ज्याच्यापासून हिला वाचवायचं म्हणून एवढा आटापिटा केला, ते आपल्याच हाताने हिच्या गळ्यात बांधलं, हे तिला कळत होतं, आणि आता लेखी दिलं काय किंवा नोकरी सोडली काय, ते तिथून निघणार नव्हतं.

टेबलावरचा लाल दिवा लागला. फोन होता. मुख्य बाई बाहेरून धावत आल्या. "तू राहू दे, दुसरं कोणी घेईल," म्हणाल्या.

धाकटीने हेडफोन उचलून कानाला लावला. "रुग्णवाहिका. बोला, काय झालंय?" ती म्हणाली, आणि पलीकडचं माणूस आधी नुसतंच हुंदके देत राहिलं, तरी ती पडद्यावरची नजर न काढता वाट बघत बसली.